पहिला ब्लॉक कुणाचा?

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी कायम टिंगलच केली आहे, तेव्हा आता तुम्ही माझी उडवलीत तरी तक्रार नाही. माझा विश्वास फक्त कोडवर. माणसांवर... जरा कमीच.

सेलू तालुक्यातलं वालूर. आमचं धान्याचं दुकान. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून आई सांभाळते. मागच्या खोलीत मी आणि इम्रान — शाळेपासूनचा दोस्त, आता परभणीत राहणारा — आमची स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होतो. तीच शिकवायला परभणीत दोघांनी मिळून क्लास काढायचा बेत होता. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चालू झाला होता. राहिला होता फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर. त्याचं काम साधं: डिस्कचे सारखे कप्पे पाडायचे, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि कुठला रिकामा, कुठला भरलेला ते बघून फाइल ठेवायची.

पण कोरी डिस्क फॉरमॅट केली तरी पहिला ब्लॉक 'भरलेला' दिसायचा. उघडून बघावं तर आत नुसती शून्यं. ओळ न् ओळ तपासली, चूक सापडेना. आणि परभणीत इम्रानच्या लॅपटॉपवर तोच कोड अगदी नीट चालायचा!

मग संशय कुणावर येणार? याला क्लास एकट्याने काढायचा असेल... दोघांचा कोड ऑनलाइन जिथे ठेवला होता, तिथला पासवर्ड मी बदलून टाकला.

तो दारात येऊन उभा राहिला. "मला न सांगता पासवर्ड बदललास व्हय? मला तर वाटायलंय, तूच कायतरी करायलास." चहा न घेताच गेला. वाईट वाटलं, पण संशय काही गेला नाही.

इंटरनेट नसलेला जुना लॅपटॉप काढला, ड्रायव्हर पहिल्यापासून एकट्याने लिहिला. पहिला ब्लॉक — भरलेला. भर दुपारी मी लॅपटॉप मिटून दुकानात पळालो.

आई बाहेर तूर मापत होती. "काय झालं रं?" तिला समजेल असं सांगितलं, की सगळे कप्पे रिकामे आहेत, पण पहिला कायम भरलेला लागतो. ती माप हातात धरून थांबली.

"तुझे अप्पा पयल्या मापाला एक न्हाई म्हनायचे, लाभ म्हनायचे. सुगीचं ते माप आपल्या मठातल्या जंगमस्वामींचं, बाजूला ठिवायचे. औंदा ते राहूनच गेलं बघ."

तिने लगेच माप भरून स्वामींकडे पोचवलं. मी पुन्हा फॉरमॅट केलं. काही फरक नाही.

शेवटी इम्रानला फोन केला. नवा पासवर्ड सांगितला, आईचं बोलणंही सांगितलं. "उद्या येतो," एवढंच म्हणाला. लहानपणी याच दुकानात अप्पा त्याच्या खिशात शेंगा भरायचे.

दुसऱ्या दिवशी आला, खुर्ची ओढून बसला आणि कोडमध्ये एक ओळ घातली: फाइली दुसऱ्या ब्लॉकपासूनच ठेवायच्या.

"आन् पहिला?" मी विचारलं.

"अप्पांचा हाय. राहू दे."

आता क्लास सुरू आहे. परवा, स्वभाव जात नाही म्हणून, इम्रानच्या लॅपटॉपवर ती ओळ काढून पाहिली. तिथेही पहिला ब्लॉक आता भरलेला आहे. का, ते मला माहीत नाही. पण हे इम्रानने केलं असेल, असं या वेळी एकदाही मनात आलं नाही.