वीज नव्हे, तारा

मुरुमच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा माझा शेजारी पहाटे आमच्याकडे न पोचणारं एक लांबचं स्टेशन लावून बसायचा. तारा तुटला की त्याच्या वाटेवर आदळून त्या स्टेशनचा आवाज क्षणभर इकडं ऐकू येतो, म्हणायचा. ढगांची अडचण नसे. विजा मात्र नुसती खरखर करायच्या.

गल्लीतले आंधळे अण्णा त्याच्याजवळ बसून दर खरखरीला विचारायचे, "तारा का रं?"

"न्हाय अण्णा, वीज हाय."

एकदा हो म्हणायला याचं काय जातं, असं वाटून मला राग यायचा.

एका ढगाळ पहाटे रेडिओतून अर्धाच शब्द स्वच्छ उमटला. अण्णांनी विचारायच्या आतच त्यानं त्यांचा हात धरला.

"आख्ख्या मुरुमात आज फकस्त तुमालाच दिसला, अण्णा."