जळगावचं सारवलेलं फ्रान्स

धुळ्याच्या एसटी स्टँडवरून माणसं जळगावला निघतात तेव्हा हातात एखादी पिशवी असते, पिशवीत एक जोड कपडे आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या. मी निघाले तेव्हा माझ्यापाशी सुटकेस होती. लग्नात आलेली, खटका बिघडलेली, म्हणून परकराच्या नाडीने आवळलेली. आत रेशमी साड्या, अत्तराची कुपी, फ्रेंचचं पाठ्यपुस्तक आणि त्याहून जाड शब्दकोश. प्रवास दोन-तीन तासांचा, पण माझ्या मनाने मी फ्रान्सला निघाले होते.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांची होते, कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि पुण्यात एक वर्ष फ्रेंचचा वर्ग केल्यामुळे सबंध खानदेशात ती भाषा येणारी मी एकटीच, असं मानत होते. ते खरंही असेल. दुसऱ्या कुणाला ती लागतच नव्हती. अशात जळगावच्या टेनिस क्लबाचा निरोप आला : महिलांची खुली स्पर्धा आहे, परदेशी खेळाडू येणार, त्यात एक फ्रान्सची, तिला इंग्रजी जेमतेम येतं, दुभाषी हवी. झालं! मी आरशासमोर उभी राहून ओठांचा चंबू करायला लागले.

दारात सासूबाई भेटल्या. “इतली मोठी पेटी लिसन कोठे चालनी वं?”

“एका फ्रेंच खेळाडूसाठी जाते आहे, जळगावला.” त्या अहिराणीत बोलत, मी मुद्दाम पुस्तकी मराठीत उत्तरं देई. तेवढंच आपलं वेगळेपण.

“फ्रेंच शे तं फ्रान्सले जाय ना. जळगावले काबरं?”

मी सुटकेसची नाडी आणखी आवळली आणि निघाले.

एसटीत मी पुस्तक उघडून पुटपुटत बसले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईंनी कागदातली गरम भजी पुढे केली आणि हात जोडून विचारलं, “कोनतं स्तोत्र म्हनतीस ताई? चांगलं शे. मनाले थंडक पडनी.” मी त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. भजी खाल्ली आणि एरंडोलपर्यंत अनियमित क्रियापदांचं पारायण केलं. बाई मधूनमधून डोळे मिटून मान डोलवत होत्या. एवढी भक्तिभावाची विद्यार्थिनी मला नंतर कधी मिळाली नाही.

जळगावला उतरले तो केळीच्या ट्रकांची रांग आणि तिच्यापुढे जीप घेऊन उभे नाना. नाना म्हणजे क्लबाचे अध्यक्ष, मोठे केळी बागायतदार. टेनिस कधी खेळले नाहीत, पण भाषण अखंड. स्टँडपासून मेहरूणच्या त्यांच्या बंगल्यापर्यंत त्यांनी मला उद्देशून जे काही सांगितलं, त्याची सुरुवात “उपस्थित बंधू-भगिनींनो” अशी नव्हती, एवढाच फरक.

फ्रेंच पाहुणी कशी असेल, हे मी बसमध्येच ठरवून टाकलं होतं : पातळ टोपी, लांब मान, जवळून गेली की सुगंध. सोलेन दिसली ती नानांच्या अंगणात बाजेवर (सुंभाच्या खाटेवर). नाक उन्हाने सोललेलं, गुडघ्याला नानांच्या आईने बांधलेलं हळदीचं फडकं, मांडीवर केळ्यांची अर्धी संपलेली फणी. मी पदर सावरला आणि आठवडाभर घोटलेलं स्वागताचं वाक्य एका दमात म्हटलं. तिने शांतपणे केळं गिळलं.

“तुम्ही अगदी माझ्या आजीच्या शाळेच्या पुस्तकासारखं बोलता,” ती फ्रेंचमध्ये म्हणाली.

मी ते नानांना सांगितलं : “त्या म्हणतात, माझं फ्रेंच फार अभिजात आहे.”

संध्याकाळी तिने मला स्वतःची कारकीर्द सांगितली. दहा वर्षं खेळत होती. पहिली दोन वर्षं सगळे म्हणाले, ही मोठी होणार. पुढची दोन म्हणाले, अजून वेळ आहे. त्यानंतर म्हणणारेच कमी झाले. आता ती अशा गावांत खेळत होती, जी तिच्या बापाला नकाशात सापडत नसत. बापाचा उत्तर फ्रान्समध्ये गाईंचा गोठा. त्याने बजावलं होतं : या हिवाळ्यात पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत उतरण्यापुरते गुण मिळाले तर खेळ, नाहीतर घरी ये, गोठ्यात माणूस कमी आहे. जळगाव ही त्या हिवाळ्यातली शेवटची स्पर्धा. इथे जिंकली तरच गुण पुरणार होते.

“शेण काढावं लागू नये,” ती म्हणाली, “म्हणून मी टेनिस शिकले.”

अत्तराची कुपी घेऊन आलेल्या मला हा केवढा धक्का! बाजूला निवडण घेऊन बसलेल्या आक्कांनी, म्हणजे नानांच्या आईंनी, विचारलं, “काय म्हनस ती?” मी म्हटलं, “तिचे वडील जमीनदार आहेत.” माझ्या माहेरी साक्री तालुक्यात सात म्हशी होत्या, हेही मी जळगावात कुणाला सांगितलं नव्हतं. ‘माहेर धुळ्याचंच’ म्हणत होते.

मग नाना आम्हाला कोर्ट दाखवायला घेऊन गेले. जुन्या पद्धतीचं कोर्ट : तुडवलेली माती आणि वरून शेणाचा पातळ सडा, म्हणजे धूळ उडत नाही. सोलेनने वाकून ते बोटाने खरवडलं, नाकाशी नेलं आणि मटकन खाली बसली. आधी मला वाटलं, चक्कर आली. ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती.

“काय झालं?” नाना घाबरले.

“कोर्ट पसंत पडलं,” मी म्हटलं. त्या दिवसातलं माझं हे एकमेव अचूक भाषांतर.

त्या रात्री मळ्यात भरिताचा बेत होता. हिरवी लांबोडकी वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर (वाळलेल्या झाडांवर) भाजलेली, हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचलेली, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. सोलेनच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तिसऱ्यांदा वाढून घेत होती. तेवढ्यात नाना बोलायला उभे राहिले. बागेतल्या ठिबक नळ्यांपासून दोन देशांच्या मैत्रीपर्यंत गेले. भरीत निवलं, भाकरी वातड झाली. शेवटी मी, जिने फ्रान्स फक्त पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं, त्यांना बाजूला घेऊन सुनावलं :

“नाना, फ्रान्समध्ये भाषण तीन वाक्यांचं असतं. त्याहून लांब भाषण तिथे असभ्य समजतात.”

नानांचा चेहरा पडला. “तीन? एवढ्यात तर नमस्कार पण होत नाही ताई.”

“त्यांची पद्धत आहे,” मी म्हटलं. हे मला कुणी सांगितलं होतं, ते देवाला ठाऊक.

सोलेन एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत आली. समोर होती वनजा. दक्षिणेकडची, उंच, जोरकस फटक्यांची, कुणाशी फारसं न बोलणारी. आणि अंतिम सामन्याच्या सकाळी आम्ही मैदानावर पोचलो तर रेफरीसाहेब, कलकत्त्याचे करड्या मिशांचे गृहस्थ, कपाळाला हात लावून उभे होते.

कोर्ट ओलंचिंब होतं. आदल्या दिवशीच्या खेळाने उखडलेली जमीन आक्कांनी पाहिली होती. अंगण उखडलेलं आणि दारात पाहुणी, हे त्यांना कसं सोसावं? पहाटे शेजारपाजारच्या बायका जमवून त्यांनी सगळं कोर्ट दिवाळीच्या अंगणासारखं सारवून काढलं होतं. जाड, गुळगुळीत, बोटांच्या अर्धगोल नक्षीसकट. नेटच्या दोन्ही खांबांशी रांगोळ्या. आखलेल्या रेषा सारवणाखाली गडप.

“आक्का, हे काय केलं?” नाना हळू आवाजात म्हणाले.

“पाहुनी परक्या मुलुखनी, आनि तिन्हा पायखाले उखडेल आंगन? लोके काय म्हनतीन? गावठी गायनं शेन शे, म्हशीनं नही!” आक्का अभिमानाने म्हणाल्या. त्यांना कोण रागावणार?

रेफरीसाहेबांनी निकाल दिला : माळ्याने खुंट्या धरून चुन्याने रेषा पुन्हा आखाव्यात. सामन्याआधीचा भाषणांचा समारंभ संपला की ते स्वतः एकदाच कोर्ट तपासणार. ओलं असलं तर सामना रद्द, विजेती कुणी नाही, गुण कुणालाच नाहीत. सगळ्यांना दुपारच्या गाडीने निघायचं होतं, दुसरा दिवस नव्हताच.

सोलेन कोर्टाच्या कडेला उकिडवी बसली, मीही बसले. नकळत मी सारवणात अंगठा दाबला, वास घेतला आणि म्हटलं, “ऊन लागलं तर तासाभरात पापुद्रा धरेल.”

मागून आक्का म्हणाल्या, “तुले तं बठ्ठं समजस वं! माहेरले गोठा मोठा दिखस.”

रेशमी साडीत पकडली गेले. पण लाजायला वेळ नव्हता. एक तास काढायचा होता, आणि मला हायसं वाटलं : नाना आहेत की! आज प्रथमच या माणसाचा उपयोग होणार.

मांडवात सगळे जमले. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून इंजिनियरांच्या बायका गॉगल लावून आल्या होत्या. रेफरीसाहेबांना हार घालून मधल्या खुर्चीत बसवलं, म्हणजे त्यांना उठता येईना. नाना माइकपाशी गेले. माझ्याकडे बघून त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

“पाहुणी आली. आम्हाला आनंद झाला. आता खेळ सुरू व्हावा.”

आणि ते बसले! पहिल्या रांगेतलं कुणीतरी “नानांना बरं नाही वाटतं” म्हणत पाण्याचा तांब्या घेऊन धावलं. रेफरीसाहेब हार काढू लागले.

मी झेप घेऊन माइक धरला. “आता याचं फ्रेंच भाषांतर!”

नानांची तीन वाक्यं मी ताणून ताणून ताणली. खानदेशची माती, तापीचं पाणी, पाहुण्यांचं प्रेम. पण एका वर्षाच्या वर्गात माणूस शिकून शिकणार किती? साठा संपला. कोर्ट अजून चकाकत होतं. मग मी डोळे मिटले आणि पाठ्यपुस्तक पहिल्या धड्यापासून सुरू केलं.

“हे टेबल आहे,” मी भरल्या आवाजात फ्रेंचमध्ये म्हणाले. “ही खिडकी आहे. खिडकी उघडी आहे. माझ्या काकांच्या बागेत नाशपातीची झाडं आहेत.” मधूनमधून ‘जळगाव’, ‘केळी’ आणि ‘नाना’ हे शब्द पेरत होते, त्यामुळे टाळ्यांना तोटा नव्हता. “पाऊस पडतो आहे. आत्याने शेजाऱ्याची छत्री नेली. ती छत्री परत करील काय?”

सोलेनने मान खाली घातली होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. लोकांना वाटलं, पाहुणीला भरून आलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रेफरीसाहेबांनीही चष्मा पुसला. वनजा मात्र गुडघ्यांवर रॅकेट ठेवून गंभीरपणे ऐकत होती. मला वाटलं, बिचारीला काही कळत नसेल.

डॉक्टरांच्या धड्यात ‘माझा घसा दुखतो आहे’ हे वाक्य आलं, तोवर तो खरोखरच दुखू लागला होता. आक्कांनी ते ओळखलं असावं. त्या ओटीचं ताट घेऊन मंचावर आल्या आणि दोन्ही मुलींना हळद-कुंकू, तांदूळ, नारळ, खण असं सगळं इतक्या सावकाश दिलं की जणू लेकी सासरी निघाल्या होत्या. मेहरूणच्या तलावाकडून वारा सुटला, ऊन तापलं. रेफरीसाहेब उतरले तेव्हा अंगठ्याखाली सारवण कडक झालं होतं.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

सामना कसा झाला म्हणाल, तर चेंडू उसळतच नव्हता. वनजाचे जोरदार फटके जमिनीला चिकटून यायचे. सोलेन वाकून, जवळजवळ बसून, ते परत करायची. तिच्या या बसक्या खेळाला फ्रान्समध्ये सगळे हसत, असं तिनेच सांगितलं होतं. पहिला सेट गेला, दुसरा आला, तिसऱ्यात दोघी घामाघूम. शेवटी सोलेनचा एक हळुवार चेंडू पलीकडच्या खांबाजवळ पडला, जिथे आक्कांचा हात जरा सढळ झाला होता. पडला, तो उठलाच नाही.

“मन्हं सारवन शे ते!” आक्का ओरडल्या, आणि जळगाव उभं राहिलं.

सोलेन माझ्या गळ्यात पडली. गुडघ्यांपर्यंत शेणाने माखलेली, कपाळाचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलेलं. “आणखी एक वर्ष,” ती म्हणाली, “गाईंपासून लांब!”

वनजाने सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याशी मिळवताना जरा पुढे झुकली आणि विचारलं, स्वच्छ, झुळझुळीत फ्रेंचमध्ये, “मादाम, आत्याने छत्री परत केली का?”



“मी पाँडिचेरीची,” ती म्हणाली. “आमच्या शाळेत हेच पुस्तक होतं. मलाही सामना व्हायलाच हवा होता.”

परतीच्या एसटीत मी पुस्तक उघडलं नाही. मांडीवर नानांनी दिलेली केळ्यांची फणी, साडीच्या काठाला वाळलेलं शेण. ‘खानदेशात मी एकटीच’ हे वाक्य कुठे ठेवावं, ते कळत नव्हतं. सुटकेसची नाडी पारोळ्यात तुटली, तेव्हा आतलं अत्तर सांडलं. तरी सगळ्या गाडीला वास आला तो शेणाचाच.

दारात सासूबाई उभ्या होत्या. “कसं व्हतं वं तुन्हं फ्रान्स?”

“सारवेल व्हतं,” मी म्हटलं. या घरात आल्यापासून त्यांच्या बोलीत दिलेलं ते माझं पहिलं उत्तर. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि एक केळं सोललं.

पुढच्या उन्हाळ्यात खेळाच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, सोलेनचं नाव सापडलं. पॅरिसच्या स्पर्धेत उतरली होती, पहिल्याच फेरीत हरली होती. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या तिला कधी भेटल्या नव्हत्या, पण आता ती त्यांच्या घरचीच झाली होती.

“काबरं हारनी वं ती?”

“तठे भाषण करनारं कोनी नव्हतं,” मी म्हटलं.