जितेपणीच कबूल करा

आमच्या कुरुंद्यात कोणी अंथरुणाला खिळलं, की घरचे लोक माझ्या मावशीला टाळत. कारण ती भेटायला आली की आजाऱ्याच्या उशाशी बसून सगळ्यांदेखत पोरांना विचारायची, "काय कबूल करायचं ते आत्ताच करा. दहाव्याला कावळ्यापुढं हात जोडून काहून ओरडता?"

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, की मेलेल्याची इच्छा राहिली असं सगळे समजतात. मग एकेक जण पुढे होतो. "लेकीला अंतर देणार नाही!" "म्हैस विकणार नाही!" मावशीला याचा भारी राग. "मेलेली बिचारी जितेपणी दोन वर्षं म्हशीसाठी तोंड वाजवत व्हती, तवा हे बहिरे व्हते का?"

पूजेला न्हाई, उपासाला न्हाई, म्हणून गाव तिला 'न्हाईबाई' म्हणे. तिला ते नाव आवडायचं. शिवायला आलेल्या ब्लाउजला हुक लावता लावता ती मला सांगे, "मेल्यावर मी कुठं जाणार न्हाई. संपणार. म्हणून तर आत्ता भांडून राहिले." पण गावात मयत झाली, की चहाचं पहिलं पातेलं तिच्याच घरून निघे. रडणाऱ्या बाईला देवाची मर्जी वगैरे ती कधी सांगत नसे. विचारायची, "कसा व्हता गं तुझा मालक?" आणि ती बाई तासभर बोलत राही.

गेल्या वर्षी तिची स्वतःची वेळ आली. नात पुष्पा बारावी झालेली, आणि मावशीच्या दत्ताने तिची सोयरीक जमवत आणलेली. मावशीने लेकाला जवळ बसवलं. "पोरीला नर्सिंगला घाल. आन माझा दहावा करायचा न्हाई. बोल, व्हय का न्हाई?"

दत्ता पुटपुटला, "व्हय."

"मोठ्यानं बोल. आत्ता ऐकू येऊन राहिलंय मला."

ती गेली. पुष्पाच्या प्रवेशाची शेवटची तारीख नेमकी दहाव्या दिवशीच आली. नांदेडला बापाला सोबत बोलावलं होतं. सकाळीच मावशीचे थोरले दीर न्हाव्याला घेऊन दारात हजर! "सुतकात पोरगी परगावी नेतो? आई अडकंल तुझी!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "कशात अडकंल? मागायचं ते मागून गेली ती. अडकलीय ती तुमची इज्जत."

"तू गप ऱ्हाय."

मी कसली गप्प राहते! पण बोलायला हवं होतं दत्ताने, आणि हा बाबा खाली मान घालून न्हाव्याच्या पेटीकडे बघत बसलेला. अस्सा संताप आला म्हणता मला!

शेवटी तो उठला. "मोठे काका, डोकं करणार न्हाई मी. आईला व्हय म्हणलोय." बोलला एकदाचा. पुष्पाला म्हणाला, "कागदं घे गं." मोटारसायकलला किक मारली आणि बापलेक निघून गेले. भावकी अजून त्याच्या दारात पाय ठेवत नाही. न ठेवो.

मावशी हे कुठूनही बघत नव्हती. मी बघत होते, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तिच्यासाठी मोठमोठ्याने रडले.