देशाची गरिबी आणि शेजारचा फ्रिज

सर्वेक्षणाची उत्तरं मोबाइलवर भरत दारोदार हिंडायचं, हे माझं काम. कुणाकडे काय आहे, कुणी उपाशी झोपलं का, हे मी विचारायचं आणि देशाची गरिबी किती हटली ते वर कुणीतरी ठरवायचं. वर बसणाऱ्यांना ऊन लागत नाही, म्हणून त्यांचे आकडे कायम टवटवीत.

कळंबच्या पुढच्या एका गावात मी एका घरात शिरले, तर घरधन्यानं हातच जोडले. "या, या, मावशी! वाटच पाहून राह्यलो तुमची." असं स्वागत मला माहेरीही मिळत नाही. मी ऐटीत बसून सुरुवात केली. फ्रिज?

"हा काय समोर!"

मोटारसायकल? दारात. कूलर? आतल्या खोलीत. बसल्या बैठकीत मी देशाची गरिबी एका घरानं कमी केली.

"घरात कुणी उपाशी झोपतं का?" या प्रश्नावर मात्र तो चपापला. "मावशी, पोरगी देतानी आता असंबी विचारतेत काय?"

मग उलगडा झाला. त्याच्या मुलासाठी मुलीकडची मंडळी घर पाहायला यायची होती आणि हे मला मुलीची मावशी समजले होते. त्यांची तरी काय चूक? प्रश्न तेच असतात. फक्त उपासमारीचं सोयरे विचारत नाहीत.

मी ओळखपत्र दाखवलं. "अरे देवा! मंग खोडा ते सारं. फ्रिज शेजारच्याचा, गाडी साळ्याची!" इतक्यात दारात जीप थांबली. तो कुजबुजला, "मॅडम, पोराचं दोनदा मोडलं. आता तुमी आमच्याच पाहुण्या. बाकीचं उद्या लिवा."

पाच जण येणार म्हणता म्हणता जीपभर माणसं उतरली. पंगत बसली. मधेच शेजारीण आली आणि सगळ्यांदेखत फ्रिज उघडून आपलं दूध घेऊन गेली. घरधनी म्हणाला, "आमच्यात लय घरोबा हाय." मी जोरजोरात मान डोलावली. घरची बाई प्रत्येकाला आग्रहानं पुरणपोळी वाढत होती. मीही नको नको म्हणत चांगल्या हाणल्या.

दुसऱ्या दिवशी गेले, तर फ्रिज परत गेलेला, घर मोकळं आणि घरधनी खुशीत. सोयरीक जमली होती. आम्ही सगळं नव्यानं, खरंखरं भरलं. शेवटी उपासमारीचा प्रश्न आला.

"नाही बा!" तो म्हणाला.

"काहून नाही?" बायको चुलीपासून बोलली. "काल झोपलो ना आपन. पाहुण्यायले पुरलं, आपल्याले उरलं नाही. पीठबी सरलं होतं." आणि हसत म्हणाली, "पन मॅडम, पोराचं जमलं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी 'होय' दाबलं. खाली कारणांचे पर्याय उघडले. त्यात पाहुण्यांचा आग्रह नव्हता, आणि भूक मोजायला येऊन जेवून गेलेली बाई तर नव्हतीच.