पाटातले पाय

माझं माहेर पालीचं. लग्न होईपर्यंत पायात काही घातल्याचं मला आठवत नाही. शेतात, नदीत, कुठंही आम्ही पोरी अनवाणीच हिंडायचो. लग्न होऊन नांदूरघाटला आले ते मोठ्या जमीनदाराच्या घरात. तिथं बायकांना गोषा होता. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्यासाठी लाल कातड्याचे चढाव करून घेतले. म्हणाल्या, "आपल्या घरच्या बायांचे पाय कुणी बघू नयेत."

त्या साली येळवशीला, अवसेच्या शेतपूजेला, आम्ही पडदा लावलेल्या गाडीतून शेतात गेलो. सासूबाई कडब्याच्या कोपीत पूजा मांडत होत्या. मला त्यांनी हरभऱ्याची चार डहाळं आणायला सांगितलं. घरची पुरुषमाणसं अजून आली नव्हती. विहिरीवर मोट चालू होती आणि पाटानं पाणी खळखळत ज्वारीकडं चाललं होतं. मी इकडंतिकडं पाहिलं, चढाव बांधावर काढून ठेवले आणि पाटात उतरले.

थंडीच्या दिवसांत विहिरीचं पाणी कोमट असतं. बोटांच्या फटींतून काळा गाळ वर आला. तळव्याखाली ती माती अशी मऊ लागली, की मी लुगडं वर खोचलं आणि पाटातूनच चालत सुटले. डहाळं विसरले. किती लांब आले हेही कळलं नाही.

ज्वारीच्या वळणावर समोरून सासरे आले. सोबत तालुक्याचे साहेब, जेवायला बोलावलेले. मी पदर पुढं ओढला. चिखलानं भरलेल्या पोटऱ्या मात्र झाकायला वेळच मिळाला नाही.

साहेब थांबले. "ये कौन?"

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी मला ओळखलं होतं.

"मजूर हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "ए बाई, हो बाजूला."

मी बाजूला झाले. ते पुढं गेले. माझे कान तापले होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. बांधावर बसून मी पाय धुतले, घासून घासून धुतले, आणि तेव्हाच आईची आठवण झाली. ती जन्मभर अशीच, लुगडं खोचून, अनवाणी राबली होती. तिला कुणी मजूर म्हटलं असतं तर मी अशी लाजले असते का? त्या विचारानं तर मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी सासरे जेवले नाहीत. ओसरीवरून त्यांचा आवाज आला, "सूनबाई जेवली का?" आजवर त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी "जेवली" म्हणून सांगितलं. खरं तर मीही जेवले नव्हते.

माझ्या तळव्यात काटा मोडला होता. सासूबाईंनी पाय मांडीवर घेऊन तो सुईनं काढला. काटा निघाला तरी त्यांनी पाय सोडला नाही; नखांत राहिलेला काळा गाळ त्या बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "पाटातलं पाणी कसं लागतं ग? मी आठ वर्सांची आले या घरात. कदी उतरले न्हाई."

मला वाटलं, त्या टोचून बोलतायत. "निस्ता चिखल व्हता," मी म्हणाले आणि पाय ओढून घेतला. त्यांचा चेहरा उतरला, तेव्हा कळलं, त्यांनी खरंच विचारलं होतं.

दोन-तीन दिवस मला ते खात राहिलं. शेवटी सासूबाई आणि मी तूर निवडत बसलो असताना मीच विषय काढला. "आत्याबाई, पाणी कोमट व्हतं. आन् गाळ लोण्यावाणी."

त्यांचा हात सुपातच थांबला. "आन् मग?"

मी सगळं सांगितलं. बोटांत शिरणारी माती, पाण्याचा ओढा, पोटऱ्यांवर वाळून ताणणारा चिखल. त्या मान खाली घालून ऐकत होत्या, आणि लुगड्याखाली त्यांच्या पायाची बोटं हलत होती.

"लई झालं आता," शेवटी त्या हसून म्हणाल्या, "कुणी ऐकंल."