इझित्सेचा फटका

येवलाम्पी चर्चमध्ये पोथी वाचायचा आणि गावच्या पोरांना घरी अक्षरं शिकवायचा. आमच्या पोथीतल्या अक्षरांना माणसांसारखी नावं: आझ, बूकी, वेदी. शेवटची इझित्सा. ग्रीकांकडून आलेली, मोजक्या पवित्र शब्दांत कामाला येणारी, एरवी रिकामटेकडी. नाव म्हणे बैलाच्या जोखडावरून पडलं. खरंखोटं देव जाणे. दिसायला दोन फाट्यांची काटकी, म्हणून कुणाला बडवायचं असलं की म्हणायचं, "थांब, तुला इझित्सा लिहून देतो!"

येवलाम्पीनं त्याचा रिवाजच केला. शेवटचं अक्षर आलं की पोराच्या पाठीत ओल्या छडीचा फटका. मग पोराच्या घरचं लापशीचं मडकं यायचं. सगळ्यांनी खायचं, मडकं अंगणात फोडायचं. फुटलं की शिक्षण पुरं.

एका हिवाळ्यात फेतिन्या शिकायला आली. विधवा, नातवंडं असलेली. नवरा मेला तेव्हा येवलाम्पी परगावी, उशाशी स्तोत्रं वाचायला दुसरं कुणी मिळालं नव्हतं. ते तिच्या मनात रुतून बसलेलं. चिवटपणानं ती इझित्सेपर्यंत पोचली. लापशी स्वतःच शिजवून आणली, वर लोण्याचा गोळा. बघायला निम्मं गाव.

"काय फेतिन्याबाई, पाठीला तेल लावून आलीस न्हवं?" लोहार ओरडला.

"तुझ्या जिभेला लाव, गंजलीया."

हशा पिकला. येवलाम्पी थोडी प्यायलेला. त्याला चेव आला. त्यानं छडी उचलली. मारायची होती हलकेच, पण हात सवयीचा. सपकन बसली. गर्दीतल्या तिच्या जावयादेखत मानेवर वळ उठला. लोक हसले.

फेतिन्यानं मडकं उचललं आणि न फोडता घरी नेलं.

त्यानंतर ती चर्चमध्ये समोर उभी राहिली की येवलाम्पीची ओळ चुकायची, कान तापायचे.

"जावा की, माफी मागा," बायको म्हणाली.

"रविवारी सगळ्यांचीच मागायचीय. त्यात उरकतो."

ईस्टरआधी सात आठवड्यांचा मोठा उपास; त्याच्या आदल्या रविवारी आमच्यात प्रत्येक जण प्रत्येकापुढं वाकतो. "माफ कर." "देव माफ करील." संपलं. कारण कुणी विचारत नाही.

येवलाम्पी वाकत वाकत तिच्यापुढं आला. "माफ कर, फेतिन्या."

"कशाबद्दल, काका?"

रांग अडली. मागून लोहार म्हणाला, "काका, डुलकी लागली काय?"

"तुला ठावं हाय," येवलाम्पी पुटपुटला.

"मला हाय. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्याला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"तुला मारलं. नातवंडंवाल्या बाईला, गावापुढं. लोकांनी हसावं म्हणून."

"देव माफ करील," ती म्हणाली. "माझं मी बघते."

पुढच्या वर्षी तो वाकला, तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "कशाबद्दल?" त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. तोवर ती पंचक्रोशीतल्या मयतांच्या उशाशी स्तोत्रं वाचायला जाऊ लागली होती. म्हाताऱ्याचे गुडघे गेले, दात गेले, तरी त्या रविवारी तो रांगेत असायचा, आणि तिच्यापुढं आला की मान आधीच खाली.