होरिउची-सान यांचं बोट

मालधक्क्यावर न सोडवलेली पार्सलं साठतात ना, तसे किस्से साठतात. नगावर चिठ्ठी असते, पाठवणाऱ्याचं नाव असतं, पण सही करून घेऊन जायला कुणी येत नाही. वऱ्हाडातल्या एका नॅरोगेज फाट्यावर मी चौतीस वर्षं काढली, आधी पार्सल क्लार्क आणि मग बुकिंग क्लार्क म्हणून, त्यामुळे अशा ढिगाची मला सवय आहे. फक्त हा ढीग अमेरिकेतला आहे, आणि हात लावला की अजूनही चटका बसतो. मुलगा म्हणतो, "बाबा, बीपी बघा." बीपी बघून झालं. आता तुम्ही ऐका.

*

मुलाचं घर अमेरिकेतल्या कॅरी गावात. तो सकाळी आठला ऑफिसला ड्राइव्ह करत जातो, सून लॅपटॉपसमोर बसते आणि मी खिडकीतून शेजाऱ्याचं गवत बघतो. सहा महिने बघितलं. कापल्यापासून किती दिवसांनी ते पुन्हा कुंपणाच्या पहिल्या पट्टीला टेकतं, हे मी झोपेतही सांगू शकेन.

शेवटी मुलानेच शोध लावला. तासाभरावर पाइनच्या जंगलातून आणि तंबाखूच्या शेतांतून जाणारी सात मैलांची जुनी रेल्वे आहे. मालकी एका खाजगी संस्थेची. गाडी फक्त शनिवार-रविवारी. एक जुनं हिरवं डिझेल इंजिन, तीन डबे, आणि कामाला सगळे बिनपगारी म्हातारे!

मी गेलो. अकरा पानी फॉर्म पुढे आला. नवव्या पानावर, मी इथे मेलो तर माझी काही तक्रार राहणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. दिलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काही अनुभव?"

म्हटलं, "रेल्वेत चौतीस वर्षं."

"वंडरफुल! आणि तुम्हाला ट्रेन्स आवडतात का?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आमची लाइन बंद केली तेव्हाही नाही!

*

तिथे भेटले होरिउची-सान; सान म्हणजे जपानी 'राव'. वय बाहत्तर, उंची बेताची, हातात पांढरेशुभ्र मोजे. जपानमध्ये डोंगरातल्या एका छोट्या खाजगी लाइनवर ते गार्ड होते. दोनच डबे, आणि तेही यांच्या वयाचे. मुलगी कॅरीला औषध कंपनीत, म्हणून हेही माझ्यासारखेच इथे. शनिवारी मला घ्यायला त्यांची गाडी सात बेचाळीसला दारात येते. सात एक्केचाळीसला आली तर एक मिनिट कोपऱ्यावर थांबते!

त्यांची लाइनही बंद पडली. मी विचारलं, "शेवटच्या दिवशी लोक आले होते?"

"खूप आले. फोटो काढले, रडले. त्यातले वीस जण रोज आले असते तर शेवटचा दिवस आला नसता."

एवढंच बोलले. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

गाडी सुटण्याआधी ते जे करत, ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. दारं बंद आहेत का, हे नुसतं पाहायचं नाही. दाराकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "डोअर्स, योशी!" योशी म्हणजे ठीक. मग "ब्रेक, योशी!" मग पुढचा सांधा. गाडी मुख्य रुळावर राहणार की बाजूच्या सायडिंगला वळणार, ते सांध्यावर ठरतं. सायडिंगकडे लागला असला तर खांबावरची लाल पाटी आपल्याकडे तोंड करते. ती नाही हे पाहून, "स्विच, योशी!"

मी म्हटलं, "डोळ्यांना दिसतं ना? मग ओरडायचं कशाला?"

"डोळे खोटं बोलतात. रोज तेच पाहिलं की न पाहताच दिसतं. बोट तिथपर्यंत न्यावं लागतं."

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. बुकिंग क्लार्कचा हात तो, खिडकीबाहेर वीतभर जायची सवय! दर वेळी होरिउची-सान माझ्या कोपराला दोन बोटं लावत आणि म्हणत, "कोपर सरळ." महिनाभर मी दुसरं काही ऐकलं नाही.

*

ड्रायव्हर डेल. शहात्तर वर्षांचा, डाव्या कानाने बहिरा, उजव्या कानाने फटकळ. मालगाड्या चालवण्यात त्याचा जन्म गेला. पहिल्या दिवशी त्याने होरिउची-सान यांना सुनावलं, "माझ्यावर ओरडायला घरी बायको आहे. इथे नको!"

होरिउची-सान यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडले.

एका रविवारी "डोअर्स, योशी" झालं, आणि पुढे शांतता. पाच सेकंद, दहा सेकंद. डेल खिडकीतून खेकसला, "आता काय विसरलास?"

होरिउची-सान यांचं बोट शेवटच्या डब्याच्या हातब्रेककडे रोखलेलं. ब्रेक आवळलेला होता! तसाच डबा ओढला असता तर चाकं घासत, जाळ काढत सात मैल गेली असती. आणि दोन्ही बाजूंना वाळकं पाइनचं जंगल.

डेल खाली उतरला, ब्रेक पाहिला, परत चढला. थँक यू वगैरे काही नाही. फक्त त्या दिवसापासून "स्विच, योशी" कानावर पडल्याशिवाय त्याने इंजिन कधी हलवलं नाही. त्याच्या इंजिनाचं नाक लांब. डावीकडचा सांधा त्याच्या जागेवरून दिसतच नाही!

*

मग संस्थेने ट्रेव्हरला आणलं. हुद्दा, एक्स्पीरियन्स मॅनेजर. रेल्वेचा एक्स्पीरियन्स शून्य. आधी कुठल्याशा वॉटर पार्कमध्ये होता.

आल्या आल्या त्याने, मी तिथल्या खिडकीवर द्यायचो ती पुठ्ठ्याची तिकिटं बंद केली. जुनं तारीख ठोकायचं यंत्र होतं, खट्ट करून वाजायचं; मुलं त्या आवाजासाठी दोनदा तिकीट मागायची. आता म्हणे फोनवर कोड. माझं यंत्र आणि उरलेली तिकिटं वेटिंग रूममध्ये काचेच्या कपाटात गेली. वर पाटी, "कृपया हात लावू नये." म्हणजे मलाही! चौतीस वर्षं ज्या कामाचा पगार घेतला ते काम काचेत, आणि मी बाहेर उभा. हसून सांगतोय, पण त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं.

तिसऱ्याच शनिवारी नेटवर्क गेलं. जंगल आहे ते! दीडशे माणसं फोन आकाशाकडे धरून उभी. ट्रेव्हर धावत माझ्याकडे आला. "वॅन, ती पेपर तिकिटं!" माझं नाव वानखडे. दोन अक्षरं जास्त होतात म्हणून त्याने ती गाळली आहेत.

मी कपाटाकडे बोट दाखवलं. कोपर सरळ. म्हटलं, "हात लावू नये!"

*

आपली माणसंही काही कमी नाहीत. कॅरीतल्या मराठी मंडळींनी एकदा ठरवलं, काकांची ट्रेन बघायची. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, अकरा कुटुंबं. गाडी अकराची. मी सगळ्यांना साडेदहा सांगितलं. आपण आपल्याला ओळखतो.

दहा अठ्ठावन्नला मेसेज, "काका, पार्किंगमध्ये आहोत, पोहे काढतोय." अकराला होरिउची-सान यांचं बोट, योशी, गाडी गेली. अकरा दोनला स्टीलचे डबे घेऊन चौतीस माणसं प्लॅटफॉर्मवर!

"काका, दोन मिनिटं थांबवता नाही आली? आपल्या माणसांसाठी? काय यार!" हा नागपूरचा, म्हणजे माझ्याच मुलखातला.

म्हटलं, "आपली माणसं म्हणून अर्धा तास आधीच दिला होता. तो कुठे सांडला?"

त्याची आठ वर्षांची मुलगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "डॅड, यू सेड अमेरिकेत असं चालत नाही!"

पोहे मात्र चांगले होते. होरिउची-सान यांनी परत आल्यावर दोनदा घेतले आणि विचारलं, "हे लोक विमानाला वेळेवर जातात का?"

*

आता मुख्य संतापाकडे येतो.

कुणीतरी इंटरनेटवर एक तारा देऊन लिहिलं, "प्लॅटफॉर्मवर एक म्हातारा गाडीवर ओरडतो. आम्हाला अनकम्फर्टेबल वाटलं." संपलं! ट्रेव्हरने होरिउची-सान यांना बोलावलं. मी शेजारीच फाइल लावत होतो. तशी ती फाइल लावलेलीच होती, मी पुन्हा लावत होतो.

ट्रेव्हर म्हणाला, "गेस्टना शांत एक्स्पीरियन्स हवा. यापुढे प्लॅटफॉर्मवर तुम्ही नको. पण माझ्याकडे भारी आयडिया आहे! पुढच्या शनिवारी आपण सकुरा एक्स्प्रेस काढतोय, जपानी चेरीच्या फुलांची! तुम्ही किमोनो घालून झाडाखाली बसा आणि चहा द्या. लोकांना फार आवडेल!"

होरिउची-सान म्हणाले, "मी चाळीस वर्षं गाडी सोडली आहे. चहा माझी बायको करायची."

"मग विचार करून सांगा."

"सांगितलं," होरिउची-सान म्हणाले, आणि वाकून नमस्कार करून बाहेर पडले.

परत येताना गाडी तेच चालवत होते. कॅरी आल्यावर म्हणाले, "वानखडे-सान, एक लाइन बंद झाली, ते समजू शकतो. ही चालू आहे आणि मी बंद झालो. आता शनिवारी काय करू?"

माझ्या डोळ्यांसमोर शेजाऱ्याचं गवत आलं.

त्या रात्री झोप कुठली! सकाळी उठून मी संस्थेला अर्ज लिहिला. मुद्देसूद, तीन प्रती. हातब्रेकचा प्रसंग लिहिला, सांधा लिहिला, डेलची साक्ष जोडली. उत्तर आलं ते कॉम्प्युटरने आपोआप पाठवलेलं, "तुमचं मत आम्हाला मोलाचं वाटतं." आमच्या डिव्हिजनल ऑफिसातला सगळ्यात आळशी बाबूसुद्धा अर्जावर निदान पानाचा डाग पाडून परत पाठवायचा. म्हणजे हातात तरी घेतला होता हे कळायचं!

*

सकुरा एक्स्प्रेसचा शनिवार. रुळांच्या कडेला डॉगवूडची खरी झाडं पांढऱ्या फुलांनी वाकलेली, आणि ट्रेव्हरने पाइनला गुलाबी कागदी फुलं बांधलेली! प्लॅटफॉर्मवर कंदील. कंदील चिनी, पण ते कुणाला सांगणार?

सकाळी दोन स्वयंसेवकांनी छोट्या इंजिनाने एक रिकामा डबा सायडिंगला नेऊन लावला होता, फोटो काढायला. डबा लावून हात पुसतात न पुसतात तोच ट्रेव्हरने त्यांना पार्किंगला पिटाळलं. पावणेअकराला त्या डब्यात चार-पाच कुटुंबं कागदी छत्र्या घेऊन उभी होती आणि मुलं काचेला नाकं चिकटवून वेडावत होती.

होरिउची-सान आले. सात बेचाळीसला मला घेऊनच आले. काळा सूट, पुढच्या फेरीचं तिकीट काढलेलं, बाकीच्या प्रवाशांबरोबर रांगेत उभे. "शेवटचं एकदा बसून जातो," म्हणाले. मोजे खिशात.

अकरा वाजले. गार्डची टोपी ट्रेव्हरच्या डोक्यावर. त्याने शिट्टी फुंकली, हिरवा झेंडा हलवला. इंजिन जागचं हललं नाही.

पुन्हा शिट्टी. पुन्हा झेंडा. मग वॉकीटॉकीवर, "डेल, गो!"

"मी ऐकलं नाही," डेलचा आवाज आला.

"दोनदा वाजवली!"

"शिट्टी ऐकली. बाकीचं ऐकलं नाही."

"डेल, दोनशे माणसं बघताहेत!"

"मला बघता येत नाही. माझं नाक लांब आहे," डेल म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

ट्रेव्हरचा चेहरा कंदिलासारखा लाल झाला. मग तो लोकांकडे वळून हसला. "ओके फोक्स, आमची एक छोटीशी जपानी परंपरा!" आणि माशी हाकलावी तसा हात दाराकडे उडवून ओरडला, "डोअर्स, योशी!" बघितलं कुणी! लोक हसले. "ब्रेक, योशी!" त्याची पाठ होती ब्रेककडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोन वर झाले.

ट्रेव्हर रंगात आला. पुढे वळला, अर्धा वाकडा हात वर केला.

"स्विच..."

बोटासमोर लाल पाटी होती. तोंड सरळ आमच्याकडे. तिच्यामागे फोटोच्या डब्याची खिडकी, आणि खिडकीत नाक चपटं करून हसणारं एक पोर.

लोक टाळ्या वाजवायला थांबले होते. ट्रेव्हरचं तोंड उघडं होतं आणि हात तसाच हवेत.

होरिउची-सान रांगेतून बाहेर आले. चालता चालता त्यांनी एकेक मोजा चढवला. त्यांनी पाटी पाहिली, ट्रेव्हरला पाहिलं, आणि त्याच्या कोपराला दोन बोटं लावली.

"कोपर सरळ."